विश्लेषण : शिरूर ४१२२१०, दौंड ४१३८०१… पिन कोडचे जनक श्रीराम वेलणकर आणि संगणकांच्या पत्त्यांचा हिशेब

मोबाइलवर काहीही मागवा, बँकेत खाते उघडा किंवा परीक्षेचा अर्ज भरा. सहा आकडी पिन कोड दिल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिचे श्रेय श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याला दिले जाते. टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी अशी त्यांची दुहेरी ओळख होती. त्यांनी देशातले पत्ते ज्या तर्काने विभागले, जवळपास त्याच तर्काने पुढे संगणकांच्या जाळ्यातले पत्तेही विभागले गेले. वेलणकरांचे काम, शिरूर आणि दौंड या शेजारच्या तालुक्यांचे पिन कोड आणि आयपी सबनेटचा हिशेब यांचा परस्परांशी काय संबंध, ते पाहू.

कोण होते वेलणकर?

वेलणकर हे केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव आणि टपाल व तार मंडळाचे ज्येष्ठ सदस्य होते. त्या काळी टपाल, तार आणि टेलिफोन ही सगळी कामे एकाच खात्याकडे होती. गावाचा बाहेरच्या जगाशी संबंध प्रामुख्याने पोस्टमनच्या पिशवीतून येत असे. मुंबईच्या गिरणीत काम करणाऱ्याची मनीऑर्डर, नोकरीच्या मुलाखतीचे पत्र, सीमेवरच्या जवानाची खुशाली, लग्नाची पत्रिका, मृत्यूची तार हे सारे याच खात्यातून जायचे. पत्र आठ दिवस उशिरा आले तर मुलाखत हुकायची. मनीऑर्डर भलत्याच गावी गेली तर महिन्याचा किराणा अडायचा. त्यामुळे पत्ता बिनचूक वाचला जाणे हा घराघराचा प्रश्न होता.

हा प्रश्न सोडवण्याची जबाबदारी वेलणकरांनी पेलली. देश स्वतंत्र होऊन २५ वर्षे झाली त्याच दिवशी ‘पोस्टल इंडेक्स नंबर’, म्हणजेच पिन, लागू झाला. अमेरिकेत पाच आकडी झिप कोड १९६३ मध्येच सुरू झाला होता. पण भारताची अडचण तिथल्यापेक्षा वेगळी होती.

पिन कोडची गरज का भासली?

पहिली अडचण होती एकाच नावाच्या गावांची. त्यासाठी शिरूरइतके चांगले उदाहरण सापडणार नाही. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी असलेले शिरूर, ज्याला जुनी माणसे आजही घोडनदी म्हणतात. बीड जिल्ह्यातले शिरूर कासार. लातूर जिल्ह्यातले शिरूर अनंतपाळ आणि शिरूर ताजबंद. कर्नाटकात उडुपी जिल्ह्यातही एक शिरूर आहे. पत्रावर घाईघाईत नुसते ‘शिरूर’ लिहिले असेल, तर छाननी करणाऱ्याने ते कोणत्या थैलीत टाकायचे?

दुसरी अडचण लिपीची. पुण्यात मराठीत लिहिलेला पत्ता चेन्नईच्या छाननी कर्मचाऱ्याला वाचता येईलच असे नाही. तमिळमध्ये लिहिलेले पत्र दौंडला आले तरी तीच गत. इंग्रजीत लिहावे तर स्पेलिंगचा घोळ. दौंडचेच स्पेलिंग इंग्रजांच्या काळात ‘धोंड’ असे वाचावे लागेल अशा पद्धतीने लिहिले जाई.

तिसरी अडचण माणसाच्या स्मरणशक्तीची. रेल्वे मेल सर्व्हिसच्या डब्यात रात्रभर उभे राहून पत्रे लावणारे कर्मचारी हजारो गावांची नावे, त्यांचे तालुके आणि जवळची स्टेशने पाठ ठेवत. जाणता कर्मचारी बदलून गेला की त्याच्यासोबत ते ज्ञानही जायचे. अंकांची पद्धत आली तर भाषा, स्पेलिंग आणि पाठांतर या तिन्हींवरचे अवलंबित्व एकदम कमी होणार होते.

सहा अंकांत नेमके काय आहे?

पिन कोड हा गावांना एकामागून एक दिलेला अनुक्रमांक नाही. तो डावीकडून उजवीकडे वाचायचा असतो आणि प्रत्येक टप्प्यावर प्रदेश लहान होत जातो. पहिला अंक विभाग सांगतो. ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड. दुसरा अंक उपविभाग सांगतो. तिसरा अंक छाननी जिल्हा ठरवतो, म्हणजे पत्राची थैली कोणत्या छाननी केंद्राकडे जाणार ते. शेवटचे तीन अंक बटवडा करणाऱ्या टपाल कार्यालयाचे. दिल्लीत किंवा कोलकात्यात बसलेल्या कर्मचाऱ्याला शिरूर कुठे आहे हे माहीत असण्याचे कारणच नाही. त्याने पहिला अंक पाहून थैली पश्चिमेकडे पाठवली की त्याचे काम संपले. उरलेले अंक वाचणे हे पुढच्या टप्प्यावरच्या माणसाचे काम.

पहिल्या अंकांनुसार देशात आठ भौगोलिक विभाग झाले आणि ९ हा अंक लष्करी टपालासाठी ठेवला गेला. शिरूर-दौंड भागातून सैन्यात गेलेल्या जवानांच्या घरी हा ९ चांगलाच परिचयाचा. जवानाच्या पत्त्यावर गावाचे नाव नसते. युनिटचे नाव, ‘द्वारा ५६ एपीओ’ किंवा ‘द्वारा ९९ एपीओ’ आणि ९ ने सुरू होणारा पिन एवढेच असते. युनिट कुठे आहे ते पत्र लिहिणाऱ्या आईला ठाऊक नसले तरी पत्र पोहोचते. वेलणकरांच्या पद्धतीचे मर्म इथे दिसते. माणूस नकाशावर कुठे आहे यापेक्षा त्याच्यापर्यंत जायची वाट कोणती, हे पिन सांगतो.

शेजारच्या तालुक्यांचे आकडे वेगळे का?

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्यातले लगतचे तालुके. दोघांच्या मध्ये भीमा नदी. जिल्हाधिकारी एक, जिल्हा परिषद एक. तरीही शिरूरचा पिन ४१२२१० आणि दौंडचा ४१३८०१. तिसराच अंक वेगळा आहे, म्हणजे टपालाच्या दृष्टीने ही दोन गावे वेगवेगळ्या छाननी जिल्ह्यांत येतात. ४१२ या गटात शिरूरसोबत सासवड आहे आणि सातारा जिल्ह्यातले महाबळेश्वरही (४१२८०६) आहे. ४१३ या गटात दौंडसोबत सोलापूर, पंढरपूर, बारामती आणि अहिल्यानगर जिल्ह्यातले श्रीगोंदे येते. म्हणजे टपालाच्या हिशेबात शिरूर महाबळेश्वरच्या गटात आणि दौंड पंढरपूरच्या गटात.

याहून गमतीची गोष्ट दौंड तालुक्याच्या आत आहे. पुण्याहून सोलापूरकडे जाणारी लोकल पकडा. यवतचा पिन ४१२२१४, केडगावचा ४१२२०३, पाटसचा ४१२२१९. हे सगळे दौंड तालुक्यातच. पाटसनंतरचे पुढचे स्टेशन दौंड आणि तिथे पिन एकदम ४१३८०१ होतो. कुरकुंभ औद्योगिक वसाहतीचा ४१३८०२. तालुका तोच, तहसील कार्यालय तेच, पण मध्ये कुठेतरी ४१२ संपते आणि ४१३ सुरू होते. महसुली हद्द आणि टपालाची वाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट व्हावे.

यात अंकगणितही आहे. पहिले तीन अंक ४१२ असे पक्के केले तर ४१२००० ते ४१२९९९ असे एक हजार क्रमांक त्या गटात मावतात. पहिले चार अंक ४१२२ पक्के केले तर ४१२२०० ते ४१२२९९ असे शंभरच. डावीकडचे जितके अधिक अंक पक्के, तितका गट लहान. ही एक ओळ लक्षात राहिली की सबनेटचा अर्धा हिशेब झाला.

संगणकांना हेच कोडे कसे पडले?

पिन सुरू झाला त्याच दशकात अमेरिकेत संगणकांची वेगवेगळी जाळी एकमेकांना जोडण्याचे प्रयोग चालू होते. प्रत्येक यंत्राला पत्ता हवा होता. सप्टेंबर १९८१ मध्ये जॉन पोस्टेल यांनी संपादित केलेल्या ‘आरएफसी ७९१’ या दस्तऐवजात आयपी पत्त्याची रचना पक्की झाली. शून्य किंवा एक अशा ३२ खुणा, म्हणजे ३२ बिट. ते आठ-आठच्या चार गटांत मांडले की १९२.१६८.१०.७५ असा ओळखीचा पत्ता दिसतो. प्रत्येक गटात ० ते २५५ पर्यंतचाच आकडा येऊ शकतो. एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६.

इथेही पत्त्याचे दोन भाग आहेत. डावीकडचा भाग जाळ्याचा, उजवीकडचा त्या जाळ्यातल्या यंत्राचा. सुरुवातीला या भागांची लांबी ठरावीक साच्यांत होती. लहान संस्थेला २५४ यंत्रांचा साचा, मोठीला थेट ६५,५३४ यंत्रांचा. तीनशे यंत्रे असलेल्या संस्थेने काय घ्यावे? लहान साचा पुरत नाही, मोठा घेतला तर पासष्ट हजारांवर पत्ते वाया जातात. शिवाय आत कितीही इमारती आणि विभाग असले तरी सगळे एकाच गोतावळ्यात.

यावर तोडगा ऑगस्ट १९८५ मध्ये जेफ्री मोगल आणि जॉन पोस्टेल यांच्या ‘आरएफसी ९५०’ मध्ये आला. यंत्राच्या भागातले डावीकडचे काही बिट उसने घ्यायचे आणि त्यांतून जाळ्याचे पोटविभाग पाडायचे. हा पोटविभाग म्हणजे सबनेट. किती बिट जाळ्याचे हे सांगणारा आकडा म्हणजे सबनेट मास्क. १९९३ मध्ये ठरावीक साचे मोडीत निघाले आणि पत्त्यापुढे ‘/२६’ असे लिहून जाळ्याची लांबी सांगण्याची पद्धत रूढ झाली. ‘/२६’ म्हणजे ३२ पैकी डावीकडचे २६ बिट पक्के, उरलेले ६ मोकळे. पिनमध्ये ४१२ पक्के करून उरलेले तीन अंक मोकळे ठेवतात, तसेच हे. पिनने आयपीला किंवा आयपीने पिनला काही शिकवले असे नाही. प्रश्न सारखा होता, म्हणून उत्तरही सारखे निघाले.

पहिला आणि शेवटचा पत्ता का देत नाहीत?

प्रत्येक सबनेटमधले दोन पत्ते कोणत्याही यंत्राला देत नाहीत. पहिला, ज्यात यंत्राच्या भागातले सगळे बिट शून्य असतात, तो त्या जाळ्याचे स्वतःचे नाव. ‘दौंड शाखेचे जाळे’ असे म्हणायचे तर हा पत्ता वापरतात. शेवटचा, ज्यात यंत्राच्या भागातले सगळे बिट एक असतात, तो ब्रॉडकास्ट पत्ता. त्या पत्त्यावर पाठवलेला निरोप जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला मिळतो. गावात दवंडी पिटावी तसा. सगळे बिट एक म्हणजे दवंडी, हा नियम ऑक्टोबर १९८४ मध्ये मोगल यांच्याच ‘आरएफसी ९१९’ने मांडला. त्याआधी काही प्रणाली सगळे बिट शून्य असलेला पत्ता दवंडीसाठी वापरत. त्यामुळे दोन्ही टोके मोकळी ठेवणे सर्वांच्याच सोयीचे ठरले.

म्हणून सबनेटमध्ये प्रत्यक्ष वापरता येणारे पत्ते एकूण पत्त्यांपेक्षा दोनने कमी. ६ बिट मोकळे असतील तर दोनाचा सहावा घात ६४, त्यातून २ वजा, म्हणजे ६२. याला एक अपवाद आहे. फक्त दोन राउटर जोडणाऱ्या दुव्यासाठी डिसेंबर २००० पासून ‘/३१’ वापरायची मुभा आहे. तिथे दोनच पत्ते असतात, दोन्ही वापरतात आणि दवंडीचा पत्ता नसतो.

हिशेब कसा करायचा?

समजा पत्ता १९२.१६८.१०.७५ आणि मास्क २५५.२५५.२५५.१९२, म्हणजेच /२६. मास्कमध्ये २५५ नसलेला आकडा शोधा. तो १९२. मग २५६ मधून १९२ वजा करा, ६४ आले. हा झाला गटाचा आकार. आता ६४ चा पाढा म्हणा: ०, ६४, १२८, १९२. आपला ७५ हा ६४ आणि १२८ यांच्या मध्ये बसतो. म्हणून जाळ्याचा पत्ता १९२.१६८.१०.६४. पुढचा गट १२८ ला सुरू होतो, त्याच्या एक आधीचा १२७ हा ब्रॉडकास्ट पत्ता. मधले ६५ ते १२६ हे ६२ पत्ते यंत्रांना देता येतात.

गट मोठा असेल तर हाच हिशेब डावीकडच्या आकड्यावर करायचा. पत्ता १७२.१६.१०.२०० आणि मास्क २५५.२५५.२५२.०, म्हणजे /२२. इथे २५६ वजा २५२ म्हणजे ४. तिसऱ्या गटातला १० हा चाराच्या पाढ्यात ८ आणि १२ यांच्या मध्ये येतो. म्हणून जाळे १७२.१६.८.०, ब्रॉडकास्ट १७२.१६.११.२५५ आणि वापरायचे पत्ते १७२.१६.८.१ ते १७२.१६.११.२५४. एकूण १,०२२. अशा जाळ्यात १७२.१६.९.२५५ हा पत्ता २५५ ने संपत असला तरी ब्रॉडकास्ट नाही. तो यंत्राला बिनदिक्कत देता येतो. शेवटी २५५ दिसले की ब्रॉडकास्ट, ही समजूत फक्त /२४ मध्ये किंवा गट २५५ ला संपत असेल तिथेच खरी.

प्रत्यक्ष उदाहरणात हे कसे दिसते?

एखाद्या पतसंस्थेचे मुख्य कार्यालय शिरूरला, एक शाखा दौंडला आणि एक रांजणगावला आहे असे धरू. शिरूरला ५० यंत्रे, दौंडला २५, रांजणगावला १०. शिरूर-दौंड आणि शिरूर-रांजणगाव असे दोन दुवे. हाताशी १९२.१६८.१०.० /२४ हे जाळे, म्हणजे २५६ पत्ते. वाटणी मोठ्यापासून लहानाकडे करायची.

शिरूरला ६४ चा गट: जाळे ०, वापर १ ते ६२, ब्रॉडकास्ट ६३.
दौंडला ३२ चा गट: जाळे ६४, वापर ६५ ते ९४, ब्रॉडकास्ट ९५.
रांजणगावला १६ चा गट: जाळे ९६, वापर ९७ ते ११०, ब्रॉडकास्ट १११.
शिरूर-दौंड दुव्याला ४ चा गट: जाळे ११२, वापर ११३ आणि ११४, ब्रॉडकास्ट ११५.
शिरूर-रांजणगाव दुव्याला ४ चा गट: जाळे ११६, वापर ११७ आणि ११८, ब्रॉडकास्ट ११९.

१२० ते २५५ हे १३६ पत्ते पुढच्या शाखांसाठी शिल्लक. मोठ्यापासून सुरुवात का? कारण ६४ चा गट ६४ च्या पाढ्यातल्या आकड्यावरच सुरू होऊ शकतो. आधी दुव्यांना ० ते ७ देऊन टाकले, तर शिरूरचा गट ८ पासून सुरू करता येत नाही. तो थेट ६४ वर जातो आणि मध्ये ८ ते ६३ अशी तुटक जागा उरते. जमिनीची वाटणी करताना मोठा तुकडा आधी काढून ठेवतात, तसाच हा व्यवहार.

चूक झाली तर काय बिघडते?

दौंडच्या एका संगणकाचा पत्ता १९२.१६८.१०.७० आहे. त्याचा मास्क २५५.२५५.२५५.२२४ हवा, पण शिरूरच्या यंत्रावरून पाहून कुणी २५५.२५५.२५५.१९२ टाकला. आता या संगणकाला वाटते, माझे जाळे ६४ ते १२७. शिरूरचा १० हा पत्ता त्याच्या हिशेबात बाहेरचा, म्हणून तो निरोप राउटरकडे देतो आणि शिरूरचे काम सुरळीत चालते. पण रांजणगावचा १०० हा पत्ता त्याला आपल्याच खोलीतला वाटतो. तो राउटरकडे जाण्याऐवजी जागच्या जागी हाक मारतो. उत्तर येत नाही. शिरूरशी बोलणे होते, रांजणगावशी होत नाही, आणि केबल, राउटर सगळे ठीक दिसते. असा अर्धवट बिघाड शोधायला सर्वांत जास्त वेळ लागतो. ६३ हा पत्ता प्रिंटरला दिला किंवा ९५ एखाद्या कॅमेऱ्याला दिला, तर ते यंत्र चालणार नाही. कारण ते दवंडीचे पत्ते आहेत.

७० आणि १०० हे आकडे जवळचे, म्हणून यंत्रेही जवळची, असे नसते. पाटस आणि दौंड लागोपाठची स्टेशने असूनही टपालाच्या लेखी वेगवेगळ्या गटांत आहेत, तोच हा प्रकार. हद्द कुठे आहे ते मास्क सांगतो. मास्क चुकला की हद्द चुकते आणि निरोप भलत्या वाटेला लागतो.

आपल्या मोबाइलचा पत्ता कोणता?

मोबाइलच्या वायफाय सेटिंगमध्ये जोडलेल्या जाळ्याचा तपशील उघडला तर आयपी पत्ता, गेटवे आणि अनेकदा मास्कही दिसतो. बहुतेक घरांत पत्ता १९२.१६८ ने सुरू होतो. शिरूरच्या घरात आणि दौंडच्या घरात अगदी तोच पत्ता असू शकतो. हे पत्ते खासगी वापरासाठी १९९४ मध्ये राखून ठेवले गेले. घराच्या आत ते चालतात, बाहेर इंटरनेटवर चालत नाहीत. गावात ‘शिरूर’ म्हटले की पुरते, पण बाहेरून पत्र यायचे तर कोणते शिरूर ते सांगावे लागते, तसेच हे. बाहेर जाताना राउटर आपला वेगळा, एकमेव पत्ता लावतो.

साम्य एवढेच पुरे. पिनमध्ये दहाचे घात आहेत, आयपीत दोनाचे. पिनला दवंडीचा क्रमांक नाही. नव्या, १२८ बिटांच्या आयपीव्ही६ मध्येही ब्रॉडकास्ट काढून टाकले आहे. तिथे सर्वांना हाक मारण्याऐवजी ठरावीक गटालाच हाक मारली जाते.

वेलणकरांचे पुढे काय झाले?

पिन लागू झाल्यानंतरच्याच वर्षी, १९७३ मध्ये, नवी दिल्लीत ‘इंडिपेक्स’ हे जागतिक टपाल तिकीट प्रदर्शन भरले. वेलणकर त्याचे अध्यक्ष होते आणि त्यात सुमारे १२० देश सहभागी झाले. ३१ डिसेंबर १९७३ रोजी ते सेवेतून निवृत्त झाले. म्हणजे पिन कोड हे त्यांच्या सरकारी कारकिर्दीच्या अगदी अखेरच्या टप्प्यातले काम.

त्यांची दुसरी बाजू संस्कृतची. त्यांची शंभरावर पुस्तके आणि नाटके प्रसिद्ध झाली. मुंबईत त्यांनी ‘देववाणी मंदिरम्’ ही संस्था उभी केली आणि संस्कृतचा प्रसार देशात तसेच परदेशात केला. त्यांच्या विलोम काव्याची विशेष वाखाणणी होते. त्यातले श्लोक एका बाजूने वाचले तर रामाची स्तुती होते, उलट्या बाजूने वाचले तर कृष्णाची. अक्षरे तीच, पण वाचण्याची दिशा अर्थ ठरवते. पिनमध्येही अंकाचा अर्थ त्याच्या जागेवरून ठरतो. पहिल्या जागेवरचा ४ पश्चिम भारतातली राज्ये सांगतो, शेवटच्या जागेवरचा ४ एखादे छोटे टपाल कार्यालय. १९९६ मध्ये त्यांना संस्कृतसाठीचा राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. १९९९ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

पन्नास वर्षांनंतर ही पद्धत टिकणार का?

हाताने लिहिलेली पत्रे कमी झाली, तरी पिनचा वापर वाढलाच. कुरिअर, ऑनलाइन खरेदी, बँक, विमा, लसीकरण केंद्राचा शोध या सगळ्यांनी तो उचलला. त्याची मर्यादा मात्र उघड आहे. एका पिनखाली अनेक गावे आणि वाड्यावस्त्या येतात. वस्तीवरच्या शेतातल्या घरापर्यंत पोहोचवणारा शेवटचा टप्पा आजही पोस्टमनच्या किंवा डिलिव्हरी करणाऱ्या मुलाच्या ओळखीवर चालतो.

त्यासाठी टपाल विभागाने २०२५ मध्ये ‘डिजिपिन’ आणला आहे. तो दहा चिन्हांचा आहे. देशाचा नकाशा सोळा चौकटींत विभागायचा, त्यातल्या एकीचे पुन्हा सोळा भाग करायचे, असे दहा वेळा केले की सुमारे चार मीटर बाय चार मीटरची चौकट उरते. म्हणजे भीमेकाठच्या एखाद्या वस्तीवरच्या घराच्या अंगणालाही स्वतःचा संकेतांक मिळतो. इथे मात्र विभागणी टपालाच्या वाटेवर नाही, अक्षांश-रेखांशांवर केलेली आहे. त्यामुळे डिजिपिन हा पिनच्या जागी नसून त्याच्या जोडीला आहे. वाट पिन सांगणार आणि दार डिजिपिन. डावीकडून वाचत जावे आणि प्रत्येक चिन्हागणिक जागा लहान होत जावी, ही १९७२ ची पद्धत मात्र त्यातही कायम आहे.